डावीकडे उघडणारे शंख : नागपुरातील सहा दिवस

पहिला दिवस, मंगळवार

पुण्याहून रात्रभर धावलेली गाडी नागपूरला पोहोचली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि पाऊस पडावे की नाही या विचारात असल्यासारखा थांबत-थांबत पडत होता. माझ्या सामानात दोन बारीक चिमटे, शस्त्रक्रियेच्या पात्यांचे एक पाकीट, झाकणाच्या शंभर इवल्या नळ्या आणि एक जुने भिंग होते. इथेनॉल मात्र नव्हते, कारण ज्वालाग्राही द्रव रेल्वेने नेता येत नाही. येण्याची कारणे दोन होती. एका महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गोगलगायीच्या शरीरातून डीएनए वेगळा काढण्याची रीत शिकवायची होती, हे पहिले. आणि नागपूरच्या आसपास दगडात सापडणारे शंख एकदा स्वतःच्या हातात घेऊन पाहायचे होते, हे दुसरे. खरे सांगायचे तर दुसऱ्यासाठीच मी पहिले स्वीकारले होते.

धरमपेठेत मामांकडे उतरले. मामींनी गोळाभात केला होता. पहिला घास घेण्याआधीच मामांनी विचारले, "काय बाप्पा, अजून शिकूनच राहिली का तू?" पीएच.डी. होऊन तीन वर्षे झाली, आता मी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक आहे, म्हणजे विद्यार्थी नाही आणि प्राध्यापकही नाही, आणि माझा करार पुढच्या मार्चमध्ये संपतो, हे सगळे त्यांना सांगितले. त्यावर "म्हणजे ठेकेदारीच म्हण ना," असा त्यांनी निकाल दिला, आणि त्यात खोडून काढण्यासारखे मला काही सापडले नाही.

जेवणानंतर देवघरातल्या शंखावरून एक गंमत झाली. शेजाऱ्यांनी नुकताच एक दक्षिणावर्ती शंख भली मोठी रक्कम मोजून आणला असल्याचे मामांनी सांगितले आणि आपला शंख साधाच आहे याची हळहळही व्यक्त केली. मी मामींचा शंख हातात घेऊन त्यांना दाखवला. प्राणिशास्त्रात शंखाचे टोक वर धरतात आणि तोंड आपल्याकडे करतात. तोंड उजवीकडे उघडले तर शंख उजवा, डावीकडे उघडले तर डावा. पूजेच्या परंपरेत मात्र टोक खाली धरून पाहतात, त्यामुळे परंपरा ज्याला दक्षिणावर्ती म्हणते तो आमच्या भाषेत डावा ठरतो आणि घरोघरी असणारा वामावर्ती शंख उजवा ठरतो. खरा दक्षिणावर्ती हा त्या जातीतला अत्यंत विरळा, उलट्या वळशाचा जीव असतो, म्हणून त्याला मोल आहे. पण त्या नावाने बाजारात विकले जाणारे अनेक शंख हे अटलांटिकच्या किनाऱ्यावरील, जातीनेच डाव्या असणाऱ्या एका वेगळ्याच गोगलगायीचे असतात. मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे शेजारी सांगू नको हं."

दुसरा दिवस, बुधवार

प्रयोगशाळेत पंधरा विद्यार्थी होते. त्यातली एक मुलगी लातूर जिल्ह्यातली. ती सुट्टीवरून परतताना झाकणाला भोके पाडलेल्या डब्यातून सहा शंखी गोगलगायी घेऊन आली होती. या आफ्रिकी गोगलगायीच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातील कृमीच्या अळ्या असू शकतात, म्हणून सगळ्यांनी हातमोजे घातल्याखेरीज डबा उघडायचा नाही, असे मी बजावले, त्यावर ती हसून म्हणाली, "मॅडम, आमच्या बाबांनी तर या गोण्या भरभरून उचलल्यात." २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबादकडे कोवळ्या सोयाबीनवर या गोगलगायींची धाड पडली, तेव्हा तिच्या घरचे लोक गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून बांधावर टाकत, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचत आणि मिठाच्या पाण्यात बुडवत. दुबार पेरणी करूनही त्या वर्षी हाती फारसे आले नाही, असे ती म्हणाली.

ही गोगलगाय भारतात आपल्या पायांनी आलेली नाही. शंखांचा अभ्यासक असलेल्या विल्यम बेन्सन या इंग्रजाने १८४७ मध्ये ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि तेथील एका बागेतून ती पसरली. पुढे तीच गोगलगाय पॅसिफिकच्या बेटांवरही पोहोचली, आणि तिथे तिच्यावर जो उपाय केला गेला त्यातूनच माझ्या पोटापाण्याची सोय झाली आहे, असे मी वर्गाला सांगितले तेव्हा मुले सावरून बसली. ताहितीत १९७४ मध्ये आणि शेजारच्या मोओरेआ बेटावर १९७७ मध्ये, शंखी गोगलगायींना खाऊन संपवील या भरवशावर युग्लँडिना नावाची एक शिकारी गोगलगाय मुद्दाम सोडण्यात आली. तिने शंखींना फारसा त्रास दिला नाही. तिने झाडांवर राहणाऱ्या, जेमतेम दोन सेंटिमीटरच्या, अंडी न घालता एका वेळी एकच पिल्लू जन्माला घालणाऱ्या पार्टुला गोगलगायी खाल्ल्या, आणि दहा वर्षांत, म्हणजे १९८७ पर्यंत, मोओरेआच्या रानात एकही पार्टुला सापडेनाशी झाली. संशोधकांनी त्याआधी काही जिवंत गोगलगायी उचलून प्रयोगशाळांत आणि प्राणिसंग्रहालयांत नेल्या होत्या म्हणून कित्येक जाती डब्यांत तरी टिकल्या. सगळ्या टिकल्या नाहीत: पार्टुला टर्जिडा या जातीची शेवटची गोगलगाय १९९६ च्या जानेवारीत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एका परजीवीच्या संसर्गाने मेली.

"मग आमच्या शेतात काय करायचं?" लातूरच्या मुलीने विचारले. तिचे वडील करतात तेच, असे मी म्हणाले. वेचणे कष्टाचे आहे, पण वेचणारा माणूस चुकून दुसरीच जात संपवत नाही.

त्यानंतर कामाला सुरुवात केली. गोगलगाय थंड करून निश्चल झाली की तिच्या पायाच्या मागच्या कडेचा तिळाएवढा तुकडा कापायचा. प्राणी मरत नाही, जखम भरून येते, आणि जातीत मोजकेच जीव उरलेले असतील तर दुसरा मार्गही नसतो. अडचण तुकडा कापण्यात नसून चिकात आहे. गोगलगायीचा चीक म्हणजे लांबलचक शर्करायुक्त रेणूंची जाळी. ती डीएनएसोबतच विरघळते, डीएनएसोबतच अल्कोहोलमध्ये खाली बसते आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर विकरांची (एन्झाइमांची) कामे अडवते. त्यासाठी सीटॅब नावाच्या, मुळात वनस्पतींच्या डीएनएसाठी रुळलेल्या क्षालकाच्या द्रावणात तुकडा ६० अंशांवर ठेवतात, मग क्लोरोफॉर्म घालून घुसळतात आणि वरचा पाण्यासारखा थर तेवढा हलक्या हाताने काढून घेतात.

इथे एक घोटाळा झाला, आणि तो माझाच. ठरावीक नळ्या संपल्या म्हणून मी कपाटातल्या काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या एका गटाला दिल्या. त्या पॉलिस्टायरीनच्या होत्या. क्लोरोफॉर्म आत पडताच नळीची भिंत दुधाळ झाली, मऊ पडली आणि मुलाच्या बोटांच्या ठशासकट आत दबली. सगळा ऐवज ट्रेमध्ये सांडला. कुणाला इजा झाली नाही. पण गेली पाच वर्षे हेच काम करणारी व्यक्ती अशी चूक करते हे त्या वर्गाने पाहिले, आणि दुपारनंतर सगळेच नळ्यांच्या तळावर काय छापले आहे ते वाचू लागले.

संध्याकाळी अल्कोहोल घातल्यावर पांढरा, कापसाच्या तंतूसारखा डीएनए दिसायला हवा होता. बहुतेक नळ्यांत तपकिरी, लिबलिबीत जेली जमली. यंत्रावर मोजले तेव्हा शुद्धतेचा जो आकडा २ च्या आसपास असायला हवा तो ०.६ आला. मुले हिरमुसली, माझी स्वतःची पहिले सहा महिने तीच अवस्था होती, हे मी त्यांना सांगितले.

तिसरा दिवस, गुरुवार

सकाळी तुकडे आणखी लहान घेतले, चीक आधी पुसून काढला, क्लोरोफॉर्मची पायरी दोनदा केली आणि मिठाचे प्रमाण वाढवले. आकडा १.७ वर गेला. एका नळीत तंतू दिसले तेव्हा लातूरच्या मुलीने ती खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

दुपारी, या तंतूंचे पुढे काय होते, यावर बोलले. शंखी गोगलगायीचा जीनोम, म्हणजे तिच्या डीएनएचा संपूर्ण मजकूर, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १८५ कोटी अक्षरे आणि गुणसूत्रांच्या ३१ जोड्या आहेत. एवढा लांब मजकूर एका दमात वाचता येत नाही. त्याचे तुकडे वाचून ते जुळवावे लागतात, आणि तुकडे जितके लांब तितकी जुळणी भरवशाची, म्हणूनच चिकाशी एवढी झटापट. पार्टुलाच्या बाबतीत मी जे शोधते ते सांगायला सोपे आहे. प्रत्येक प्राण्याकडे जीनोमच्या दोन प्रती असतात, एकेका पालकाकडून आलेल्या. मूठभर पूर्वजांपासून पिढ्यान्‌पिढ्या डब्यात वाढलेल्या कुळात दोन्ही प्रती कुठेकुठे शब्दशः सारख्या होतात, आणि असे सारखेपणाचे सलग पट्टे जितके लांब तितके जवळच्या नात्यातले संबंध अलीकडचे. २०१५ पासून पार्टुला पुन्हा बेटांवर सोडल्या जात आहेत. सोडताना शंखावर अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या रंगाचा ठिपका देतात. २०२४ मध्ये पार्टुला तोहिवेआना या जातीची ठिपका नसलेली, म्हणजे रानातच जन्मलेली प्रौढ गोगलगाय मोओरेआवर सापडली आणि 'रानातून नामशेष' या रकान्यातून ती जात बाहेर आली. मग आता कोणत्या कुळातल्या किती गोगलगायी एकत्र सोडायच्या, हा प्रश्न नुसता हळहळीचा राहत नाही, हिशेबाचा होतो, आणि त्या हिशेबाला हे पट्टे लागतात.

एका मुलाने विचारले की रानात युग्लँडिना अजून असेल तर सोडलेल्या पुन्हा खाल्ल्या जाणार नाहीत का. प्रश्न नेमका होता. ताहितीत पार्टुला हायलिना ही पांढऱ्या शंखाची जात शिकाऱ्याच्या शेजारीही टिकून राहिली होती. संशोधकांनी अत्यंत लहान संगणक शिकारी गोगलगायींच्या शंखांवरच चिकटवून आणि पार्टुला बसतात त्या पानांवर लावून दोघींना मिळणारे ऊन मोजले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून असे दिसले की पांढरी पार्टुला रानाच्या कडेच्या ज्या उन्हात बसते ते ऊन शिकारीला सोसत नाही. एवढ्या जाती गेल्या आणि ही टिकली, त्यात शंखाच्या रंगाचा वाटा होता.

माझ्यासोबत यातला एकही नमुना इंग्लंडला जाणार नाही, हेही मुलांना सांगणे आवश्यक होते. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार परदेशी नागरिकाला, आणि माझ्यासारख्या अनिवासी भारतीय नागरिकालाही, संशोधनासाठी इथले जैविक साहित्य घ्यायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. काही सहकारी याला कटकट म्हणतात. ज्या विषयाची सुरुवातच एका हौशी माणसाने समुद्रापार नेलेल्या गोगलगायींनी झाली, त्या विषयातल्या माणसांनी तरी ती तक्रार करू नये असे मला वाटते. राज्याच्या जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे. या मुलांना पुढे काम करायचे असेल तर तो पत्ता त्यांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

चौथा दिवस, शुक्रवार

दिवसभर पाऊस. शनिवारी ज्यांच्यासोबत रानात जायचे होते ते भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक दुपारी मामांकडे आले आणि चहा होईपर्यंत स्टीफन हिस्लॉपविषयी बोलत राहिले. स्कॉटलंडहून आलेला हा मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात दाखल झाला. आसपासचे दगड धुंडाळून त्याने आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याने १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात नागपूर परिसराच्या भूगर्भावर लेख लिहिला, आणि नागपूरजवळच्या टाकळीचे नाव जगभरच्या जीवाश्म अभ्यासकांच्या तोंडी गेले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात तो बुडाला. "नागपूरकराला हिस्लॉप म्हटलं की कॉलेज आठवतं," सर म्हणाले, "गोगलगायी कोणालाच आठवत नाहीत."

पाऊस ओसरल्यावर आम्ही सीताबर्डीला गेलो. किल्ला लष्कराच्या ताब्यात असून लोकांसाठी वर्षातून मोजक्याच दिवशी उघडतो, त्यामुळे टेकडी खालूनच पाहिली. फेरीवाल्यांच्या छत्र्यांमधून सरांनी बोट वर करून मला थर दाखवले, किंवा कुठे आहेत ते सांगितले: खाली लाव्हाचा एक थर, त्यावर गोड्या पाण्यातल्या गाळाचा पातळ पट्टा, त्यावर पुन्हा लाव्हा. पश्चिमेकडून आलेला दख्खनचा काळा कातळ नागपूरपाशी संपतो, आणि त्याच्या या कडेवर दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचत असत. त्या तळ्यांत गोगलगायी होत्या.

पाचवा दिवस, शनिवार

सरांची जुनी जीप, सर, मी आणि सोबत येण्याचा हट्ट धरून बसलेली लातूरची मुलगी, असे आम्ही काटोलच्या दिशेने निघालो. हिस्लॉपचे टाकळी आता शहराच्या पोटात गेले आहे. सरांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या कपाशीत मात्र नांगराला अजूनही ते दगड लागतात. जागेचे नाव लिहीत नाही, कारण असे दगड पोत्याने उचलून नेणारे लोकही असतात. काळी माती बुटाला इतकी चिकटत होती की प्रत्येक पाऊल शेरभर जड होत होते. बांधावर चढताना मी दोनदा घसरले, शेतकरी एकदाही नाही.

बांधाच्या कडेला वेचून टाकलेल्या दगडांचा ढीग होता. करड्या-पांढऱ्या, धारदार फुटणाऱ्या चर्ट नावाच्या गारेसारख्या दगडाचे तुकडे, आणि ते पावसाने धुतल्यामुळे त्यात रुतलेले शंख डोळ्यांसमोर स्वच्छ उभे होते. मूळचा चुना जाऊन त्याच्या जागी सिलिका आली आहे. एक शंख माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा होता: फुगीर शेवटचा वळसा, वर दोन-तीन बुटके वळसे, आणि तोंडाच्या कडेशी वाढीच्या रेषा अशा की नखाने चाचपता याव्यात. हा फायसा प्रिन्सेपी. १८४० मध्ये सोवर्बी या इंग्रज अभ्यासकाने त्याला हे नाव दिले. अलीकडे त्याला प्लॅटिफायसा म्हणतात. वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे. मी टोक वर केले, तोंड माझ्याकडे वळवले. ते डावीकडे उघडले.

हे पाहण्यासाठीच मी आले होते. ग्रीनलंडच्या गोठलेल्या गाळातून वाचलेला, आजवरचा सर्वांत जुना डीएनए सुमारे २० लाख वर्षांचा आहे, आणि ते २०२२ मध्ये जाहीर झाले. हा शंख त्याच्या तेहतीस पट जुना. यातून मला एक अक्षरही वाचता येणार नाही. तरीही एका जनुकीय गोष्टीची नोंद त्याच्या आकारात उघड राहिली आहे, कारण गोगलगायीचा वळसा हवामानाने किंवा अन्नाने ठरत नाही, वारशाने ठरतो, आणि तोही एका चमत्कारिक वारशाने. पिल्लू कोणत्या बाजूला वळणार हे त्याच्या स्वतःच्या जनुकांवर अवलंबून नसते. ज्या पालकाने अंडे दिले त्याच्या जनुकांवर ते ठरते, त्यामुळे गुण एक पिढी उशिरा दिसतो. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या पैदाशीवरून १९२३ मध्ये हा नियम उलगडला, २०१६ मध्ये त्यामागचे, पेशीचा सांगाडा घडवणारे फॉर्मिन जनुक हाती लागले, आणि २०१९ मध्ये ते जनुक कापून जपानी संशोधकांनी उजव्या जातीची डावी पिल्ले मिळवली. मोओरेआवरच्या पार्टुला सुतुरॅलिसमध्ये काही ठिकाणी डाव्या तर काही ठिकाणी उजव्या गोगलगायी असत. उलट्या वळशांच्या गोगलगायींना समागम अवघड जातो, म्हणून या एका गुणाने शेजारच्या दोन लोकसंख्यांमध्ये भिंत उभी राहू शकते. फायसाचे कुळ आजही डावेच आहे. नागपूरच्या तळ्यातल्या फायसाला त्याच जनुकाने डावीकडे वळवले की दुसऱ्याच कशाने, हे दगड सांगणार नाही.

सरांनी आम्हांला मोजायला बसवले. ओळखू येण्याजोगे २३ शंख झाले: १९ फायसाचे, सगळे डावे, उरलेले चार उजवे, हिस्लॉपच्या काळी ज्यांना पालुडिना म्हणत त्या घराण्यातले. त्या घराण्याच्या जिवंत गोगलगायी आजही नागपूरच्या तळ्यांत चिखलावर सरकत असतात. शेतकऱ्याने विचारले, "याले भाव येते का सर?" सर म्हणाले, "नाही भाऊ, वजनच आहे." तीन तुकडे महाविद्यालयाच्या संग्रहासाठी घेतले, त्यांच्या जागेची नोंद केली, बाकीचे ढिगावर परत ठेवले. मुलीने एक शंख गालाजवळ धरून स्वतःचा फोटो काढला.

परतताना तिने विचारले की पोस्टडॉक करून पुढे काय होते. दोन-तीन वर्षांचे करार, मग आणखी एक करार, जमले तर नोकरी. पार्टुलाची एक पिढी वाढायला वेळ लागतो आणि करार तेवढा थांबत नाही, ही माझी जुनी तक्रार मी तिलाही ऐकवली. ती म्हणाली, "पण डबा तर कोणीतरी सांभाळतंच ना, मॅडम?" डबे प्राणिसंग्रहालयातली माणसे सांभाळतात, हे खरे आहे. त्यांच्यापैकी काही जण माझ्या जन्माआधीपासून सांभाळत आहेत.

सहावा दिवस, रविवार

मामींनी संत्र्याची बर्फी बांधून दिली. मामा फलाटापर्यंत आले आणि करार वाढला की कळव म्हणाले. गाडी वर्ध्याच्या पुढे गेल्यावर लातूरच्या मुलीचा संदेश आला. सरांच्या तीन तुकड्यांपैकी एकावरचा फायसा तिच्या फोटोत चक्क उजवीकडे उघडत होता; असा शंख आजवर कुणी नोंदवला आहे का, असे तिने तीन प्रश्नचिन्हे लावून विचारले होते. क्षणभर माझेही काळीज हलले. मग मी फोटो मोठा करून पाहिला. शंखामागे तिच्या सदऱ्यावर महाविद्यालयाचे नाव छापलेले होते, आणि त्यातले प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखे उलटे होते. शंख डावाच आहे, पुढच्या कॅमेऱ्याने फोटो उलटा काढला आहे, असे मी तिला कळवले.